पाळणाघरे व शासकीय साहाय्य

पाळणाघरे व शासकीय साहाय्य : नोकरी, मजुरी किंवा अन्य अर्थार्जनासाठी आईवडील घराबाहेर असताना त्यांच्या लहान मुलांचा दिवसभर सांभाळ करणाऱ्या संस्थेस पाळणाघर म्हणतात. स्थूलमानाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांची निगा, आहार, विश्रांती व खेळ यांची व्यवस्था येथे केली जाते. बालवाडीचा मुख्य हेतू पूर्वप्राथमिक शिक्षण हा असून ती दिवसाचे काही तासच चालते. पाळणाघराचे तास मात्र आईवडिलांच्या कामाच्या तासांवर ठरतात. या दोहोंतील हा मूलभूत भेद आहे. मुलाच्या सांभाळासाठी येणारा खर्च अनेक कुटुंबांत आईच्या कमाईचा मोठा भाग खाऊन टाकतो. हा खर्च कुटुंबाने सोसावा, मालकाने सोसावा की शासनाने, हा प्रश्न पाळणाघरांच्या इतिहासात आरंभापासून आहे. भारतात त्याचे उत्तर शोधताना कायद्याने दीर्घकाळ केवळ कामकरी स्त्रियांची संख्या हाच निकष मानला व त्याचे परिणाम दूरगामी झाले.

पूर्वेतिहास : औद्योगिक क्रांतीमुळे घर व कामाची जागा यांची फारकत झाली आणि मुलांच्या सांभाळाचा प्रश्न प्रथमच सामाजिक प्रश्न म्हणून पुढे आला. शेती, विणकाम वा कुंभारकाम करणारी आई मुलाला जवळ ठेवू शके. यंत्राजवळ उभ्या असलेल्या आईला ते शक्य नव्हते. रॉबर्ट ओएनने स्कॉटलंडमधील न्यू लानार्क येथील आपल्या गिरणीच्या वसाहतीत १८१६ मध्ये शिशुशाळा काढली. फ्रान्समध्ये फीर्मँ मार्बो याने १८४४ मध्ये पॅरिसमधील शायो येथे कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी संस्था सुरू केली आणि तिला ‘क्रेश’ हे नाव दिले. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण असा असून त्यामागे येशू ख्रिस्ताच्या जन्मकथेचा संदर्भ आहे. आईने रोज अल्प शुल्क द्यावे व उरलेला खर्च देणग्यांतून भागवावा, अशी तेथील पद्धत होती. त्यानंतरच्या काळात यूरोपात पाळणाघरांचा प्रसार झाला. पण त्यांचे स्वरूप बराच काळ धर्मादाय राहिले.

दोन महायुद्धांनी या विचारात बदल घडवून आणला. पुरुष आघाडीवर गेल्याने कारखान्यांना स्त्रियांची गरज भासू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रेट ब्रिटनमध्ये शासकीय खर्चाने युद्धकालीन शिशुगृहे चालविण्यात आली. अमेरिकेच्या संघशासनानेही लॅनम अधिनियमाखाली १९४३ ते १९४६ या काळात संरक्षणउद्योगांच्या परिसरातील बालसंगोपन केंद्रांना पैसा पुरविला. युद्ध संपताच हे साहाय्य आटले. शासनाला मनुष्यबळाची निकड असते तेव्हा मुलांचा सांभाळ ही सार्वजनिक बाब ठरते आणि ती निकड सरली की तो पुन्हा कुटुंबाचा खाजगी प्रश्न होतो, ही गोष्ट या काळात प्रकर्षाने दिसून आली.

शासकीय साहाय्याचे प्रकार : शासन या क्षेत्रात तीन प्रकारे हस्तक्षेप करते. पहिल्या प्रकारात कायद्याने मालकावर पाळणाघर चालविण्याचे बंधन घातले जाते. दुसऱ्यात पाळणाघर चालविणाऱ्या संस्थेला अनुदान दिले जाते किंवा शासन स्वतः पाळणाघरे चालविते. तिसऱ्यात करसवलत, भत्ता वा खर्चाची अंशतः परतफेड या रूपाने साहाय्य थेट पालकांपर्यंत पोहोचविले जाते. अमेरिकेत १९५४ पासून मर्यादित प्रमाणात मिळणाऱ्या आयकर-वजावटीचे रूपांतर १९७६ मध्ये करातील थेट सवलतीत करण्यात आले. ग्रेट ब्रिटनमध्ये २०१७ पासून कामकरी आईवडिलांनी विशेष खात्यात भरलेल्या प्रत्येक ८ पौंडांमागे शासन २ पौंडांची भर घालते व ही भर सामान्यतः दर मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत मिळू शकते. ही रक्कम नोंदणीकृत सांभाळकर्त्याकडेच खर्च करावी लागते. तिसऱ्या प्रकारात मालकावर स्वतंत्र भार पडत नाही. मात्र खात्रीची पाळणाघरे जवळपास असतील तरच त्या पैशाचा उपयोग होतो. भारतात पहिल्या प्रकारावर मुख्य भर राहिला, दुसरा पुढे त्याच्या जोडीला आला आणि तिसरा जवळजवळ अनुपस्थित आहे.

भारतातील आरंभ : मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एकूण कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. कोकण व घाटावरून आलेल्या या स्त्रियांपैकी अनेकींजवळ मूल सांभाळणारी सासू वा नणंद नव्हती. तान्ह्या मुलाला शेजारणीच्या हवाली करावे, थोरल्या मुलीवर सोपवावे, किंवा गिरणीत नेऊन कापसाच्या ढिगाजवळ निजवावे, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे होते. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देण्याची चाल सर्रास होती. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्याच्या १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गिरणीकामगार स्त्रियांच्या बहुसंख्य मुलांना अफू दिली जात असल्याचे नमूद करण्यात आले. आईचे अज्ञान हे या चालीचे एक कारण होते. पण कामाचे लांबलचक तास आणि सांभाळाच्या सोयीचा अभाव ही त्याहून मोठी कारणे होती. काही गिरण्यांनी याच सुमारास स्वतःहून पाळणाघरे उघडली. आपल्या मुलाला परक्या हातांत देण्यास बायका प्रारंभी कचरत. जातपातीच्या कल्पनाही आड येत. सुविधा चांगली चालविली गेली तेथे हा संकोच ओसरत गेला.

प्रसूतिलाभाच्या बाबतीत मुंबई प्रांताने पुढाकार घेऊन १९२९ मध्ये भारतातील पहिला प्रसूतिलाभ अधिनियम संमत केला. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने (१९२९–३१) मोठ्या संख्येने स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. तदनुसार १९३४ च्या कारखाने अधिनियमात, पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली राखून ठेवण्याविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आला. भारतीय कायद्यात पन्नास स्त्रियांचा निकष आला तो येथून.

स्वातंत्र्योत्तर विधिविधान : १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने ही तरतूद बंधनकारक केली. पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पुरेसा उजेड व हवा असलेली, स्वच्छ आणि प्रशिक्षित स्त्रीच्या देखरेखीखालील खोली असावी, असे त्यात म्हटले होते. मुलांना दूध वा अल्पोपाहार मोफत पुरविणे, कपडे धुण्याची सोय करणे आणि मातेला ठराविक वेळाने मुलाला अंगावर पाजण्यास जाऊ देणे यांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना होता. मळा-कामगार अधिनियम (१९५१), खाण अधिनियम (१९५२) व विडी आणि सिगार कामगार अधिनियम (१९६६) यांतही पाळणाघरांच्या तरतुदी करण्यात आल्या. त्यांपैकी खाण अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात स्त्रियांच्या किमान संख्येची अट नव्हती. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या अधिनियमाखालील केंद्रीय नियमांनी वीस वा अधिक कंत्राटी स्त्रिया असल्यास पाळणाघर आवश्यक ठरविले. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने आपल्या १९७४ च्या अहवालात संख्येची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली. १९७६ मध्ये कारखाने अधिनियमातील पन्नासाचा आकडा तीसवर आणण्यात आला. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या अधिनियमात मात्र पुन्हा पन्नासाहून अधिक स्त्रियांची अट घालण्यात आली.

संख्येच्या निकषाचे परिणाम : या विधिविधानामागील हेतू कल्याणकारी होता, याविषयी शंका नाही. तथापि पाळणाघराची जबाबदारी कामगारांच्या एकूण संख्येऐवजी स्त्रियांच्या संख्येशी जोडल्यामुळे त्यात एक अंगभूत दोष राहिला. एकावन्नावी स्त्री कामावर घेताच मालकाच्या खर्चात पाळणाघराची भर पडे. पुरुष कितीही घेतले तरी ती पडत नसे. मूल जणू केवळ आईचेच आहे, असे कायद्याने गृहीत धरले. स्त्रियांची संख्या मर्यादेच्या आत ठेवणे, त्यांची हजेरीपटावर नोंदच न करणे, किंवा त्यांना ठेकेदारामार्फत कामावर घेणे अशा पळवाटा काढल्या जातात, ही तक्रार कामगार संघटना व अभ्यासक यांनी वारंवार मांडली. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील काही दशकांत एक दशांशाच्याही खाली गेले. यंत्रांचे सुसूत्रीकरण, स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी आणि कुटुंबातील बदलते संकेत ही त्याची कारणे सांगितली जातात. त्यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु स्त्री-कामगार महाग पडते ही मालकांची धारणा दृढ होण्यास या निकषाचा हातभार लागला, असे म्हणता येते.

दुसरा परिणाम म्हणजे कायद्याच्या मोजणीत न येणारा प्रचंड स्त्रीवर्ग. सोलापूर, सिन्नर वा संगमनेर येथील विडी-कामगार स्त्रिया पाने व तंबाखू घरी आणून विड्या वळतात. त्यांचे घर हे कायद्याच्या दृष्टीने ‘औद्योगिक आवार’ नसल्याने पाळणाघराचा लाभ त्यांना मिळू शकला नाही. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, हंगामापुरते साखर कारखान्यांकडे जाणारे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात व मजुरीही जोडीने धरतात. यात स्त्रीची स्वतंत्र गणनाच होत नाही. पहाटे फडात जाताना तान्हे मूल बरोबर न्यावे लागते किंवा कोपीवर भावंडांजवळ सोडावे लागते. शेतमजुरी, घरकाम व भाजीविक्री करणाऱ्या स्त्रियांना तर पाळणाघराची मागणी करावी असा एकच एक मालक नसतो.

स्वयंसेवी प्रयत्न : ही उणीव काही अंशी स्वयंसेवी संस्थांनी भरून काढली. दिल्लीत १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने चाललेल्या बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. बांधकाम पुढे सरकेल तसे पाळणाघरही हलवावयाचे, ही तिची पद्धत होती. पुढे मुंबई व पुणे येथेही तिचे कार्य पसरले. अहमदाबादच्या ‘सेवा’ या संघटनेने असंघटित क्षेत्रातील स्त्रियांच्या सहकारी तत्त्वावरील पाळणाघरांचा प्रयोग केला.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे आहे. बोर्डी येथे १९४५ मध्ये सुरू झालेले त्यांचे ग्रामीण बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या (सध्याचा पालघर जिल्हा) आदिवासी भागात गेले. तेथील ‘विकासवाडी’ प्रयोगात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आदिवासी मुली घरी राहत. शाळेच्या आवारात पाळणाघर आल्यावर भावंडाला तेथे ठेवून त्यांना वर्गात बसता येऊ लागले. पाळणाघराचा लाभ आईइतकाच थोरल्या मुलीलाही होतो, ही बाब या प्रयोगाने निदर्शनास आणली. शिक्षण व श्रम यांविषयीच्या शासकीय योजना स्वतंत्र खात्यांत विभागलेल्या असल्याने तिच्याकडे पुढे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

शासकीय अनुदान योजना : १९७४ च्या राष्ट्रीय बालक धोरणानंतर केंद्र शासनाने कामकरी व आजारी स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्यास १९७५ मध्ये प्रारंभ केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्या पोषण, लसीकरण व पूर्वप्राथमिक शिक्षण यांसाठी होत्या. त्या काही तासच चालत असल्यामुळे पूर्ण दिवस कामावर असलेल्या आईची गरज त्यांतून भागली नाही. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी स्थापण्यात आला. या योजना एकत्र करून १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अमलात आली. तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांकडून दरमहा दर मुलामागे २० रुपये व इतरांकडून ६० रुपये घेतले जात.

१ जानेवारी २०१७ पासून योजनेची पुनर्रचना झाली. खर्चाचा भार केंद्र, राज्य व संस्था यांच्यात सर्वसाधारणपणे ६०:३०:१० या प्रमाणात विभागण्यात आला. एका केंद्रात २५ मुले, महिन्याला २६ दिवस व दिवसाला साडेसात तास, असा नमुना ठरविण्यात आला. शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी २० रुपये, मासिक १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १०० रुपये व त्यावरील उत्पन्नासाठी २०० रुपये होते. मुलांना सांभाळणाऱ्या सेविकेचे मानधन दरमहा ३,००० रुपये व मदतनीसाचे १,५०० रुपये होते. हे आकडे बोलके आहेत. पालकांवरील भार नाममात्र राहिला हे खरे. पण उरलेला भार शासनाइतकाच सेविकांनीही उचलला, कारण त्यांचे मानधन अकुशल मजुरीहून कमी होते. एका स्त्रीला कामावर जाता यावे म्हणून दुसऱ्या स्त्रीने अल्प मोबदल्यात काम करावे, असे या व्यवस्थेचे स्वरूप राहिले. अनुदान विलंबाने येत असल्याने लहान संस्थांना केंद्रे चालविणे कठीण झाले आणि २०१७ नंतरच्या काही वर्षांत केंद्रांची संख्या झपाट्याने घटली. २०२२ मध्ये ही योजना ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ या नावाने पुन्हा मांडण्यात आली व १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

सार्वजनिक कामांवरही अशी सोय करण्याचा प्रयत्न झाला. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या ठिकाणी पाणी व सावली यांबरोबरच मुलांच्या सांभाळाची तरतूद होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमात, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांच्यापैकी एकीला मुलांच्या देखरेखीसाठी नेमून तिला मजुरी द्यावी, असे कलम घालण्यात आले. मुले सांभाळणे हेही मजुरीस पात्र असे काम आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र विरळ राहिली.

पालकांना थेट साहाय्य : खर्चाची भरपाई थेट पालकांना देण्याची उदाहरणे भारतात अत्यल्प आहेत व ती मुख्यत्वे शासकीय सेवेपुरती मर्यादित आहेत. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार केंद्र शासनाच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना १ सप्टेंबर २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू लागली. पुढे सातव्या वेतन आयोगानंतर ती एकल पुरुष पालकांनाही लागू झाली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची अशी रजा मंजूर केली. रोख साहाय्याचे ठळक उदाहरण म्हणजे केंद्र शासनाच्या सेवेतील अपंग स्त्रियांना मूल दोन वर्षांचे होईपर्यंत मिळणारा बालसंगोपन भत्ता होय. २००८ मध्ये तो दरमहा १,००० रुपये होता. २०१७ मध्ये तो ३,००० रुपये करण्यात आला. शहरी मध्यमवर्गातील पालक बहुधा घरगुती पाळणाघरांवर अवलंबून असतात. मुंबई, डोंबिवली, पुणे यांसारख्या शहरांतील वसाहतींत गृहिणींनी आपल्या राहत्या घरात चालविलेली अशी पाळणाघरे गेल्या कित्येक दशकांत रूढ झाली. त्यांचा सगळा खर्च पालकच सोसतात व त्याबद्दल आयकरात स्वतंत्र वजावट नाही.

अलीकडील बदल : प्रसूतिलाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही देण्यात आली. येथे प्रथमच स्त्रियांऐवजी सर्व कर्मचाऱ्यांची गणना हा निकष झाला. १९३४ पासून चालत आलेला दोष त्यामुळे तत्त्वतः दूर झाला. २०२० मध्ये संमत झालेल्या व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी जुन्या अधिनियमांची जागा घेतली. सामाजिक सुरक्षा संहितेत पन्नास कर्मचाऱ्यांचा निकष कायम असून शासन, नगरपालिका, स्वयंसेवी संस्था वा अनेक आस्थापना यांच्या सामाईक पाळणाघराचा उपयोग करण्याची मोकळीक देण्यात आली आहे. तथापि खर्च मालकानेच सोसावयाचा असल्याने, आणि दीर्घ रजेचे वेतनही बहुतेक ठिकाणी त्याच्यावरच असल्याने, स्त्री-कर्मचारी महाग पडते ही धारणा पूर्णतः नाहीशी झालेली नाही. पन्नासाहून कमी कर्मचारी असलेल्या आस्थापना आणि संपूर्ण असंघटित क्षेत्र तर या कक्षेबाहेरच आहे.

मूल्यमापन : भारतातील पाळणाघरांच्या इतिहासात कायद्यांची उणीव कधीच नव्हती. खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्यावर ढकलले गेले : शासनाने ते मालकावर, मालकाने ठेकेदारावर, ठेकेदाराने आईवर व आईने अखेर थोरल्या मुलीवर. ज्या देशांत हा खर्च करांच्या उत्पन्नातून सर्व समाजावर विभागला गेला, तेथे तो स्त्रीच्या नोकरीच्या आड कमी प्रमाणात आला. बांधकाम क्षेत्रात प्रकल्पाच्या खर्चावर उपकर आकारून कल्याणनिधी उभारण्याची पद्धत १९९६ पासून भारतातही आहे. स्त्रियांची संख्या कितीही असली तरी तो उपकर बदलत नाही. पाळणाघरांचा खर्च अशा सामाईक निधीतून भागविणे, अंगणवाडीचे तास वाढविणे आणि सेविकांना योग्य वेतन देणे, या दिशेने झालेली प्रगतीच यापुढील धोरणाची कसोटी ठरेल. गिरणीतील बाळगोळी आज मागे पडली आहे. पण उसाच्या फडाकडेला झोळीत निजलेले मूल हे तोच प्रश्न वेगळ्या रूपात शिल्लक असल्याचे द्योतक आहे.